गोदाम कंपनीचे दुसरे संचालक

बाबारावांवर मी लिहावे एवढा मी मोठा नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये हे मलाही शिकवले आहे. क्षमा असावी. पण त्यांच्या शोकसभेत सगळे भरभरून बोलले आणि माझे वडील मागे उभे राहून खाली मान घालून ऐकत राहिले... म्हणून लिहितो.

जिंतूर रस्त्यावर त्यांची जिनिंग. आमची मेंढरं दरवर्षी त्यांच्या वावरात बसायची. खत त्यांना, ज्वारी आम्हाला. या ओळखीवर त्यांनी वडिलांना एकदा ऑफिसात बोलावले. गोदामाची नवी कंपनी काढायची होती. कायद्याने दोन संचालक लागतात; एक ते स्वतः, आणि दुसरा काही न विचारणारा हवा होता. वडिलांना सही येत नव्हती. बाबारावांनी त्यांना आठवडाभर शेजारी बसवून, हात धरून ती शिकवली. एवढे एक काम त्यांनी मनापासून केले, हे नाकारत नाही. वडील घरी येऊन म्हणाले, "मला खुर्ची देली बसायला." पुढे ते दाखवतील तिथे सही करत राहिले.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी ते कागद प्रथम वाचले. जिनिंगने गोदाम कंपनीला बिनव्याजी कर्ज दिले होते. गोदाम कंपनीने तेच पैसे बाबारावांच्या मुलाच्या बांधकाम कंपनीला दिले होते. गोदाम कुठेच नव्हते, त्या जागेत अजून बाभळी आहेत. आणि जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बायकांची मजुरी मात्र पैसा नाही म्हणून अडली होती. त्यांत माझी काकू. ती वडिलांना जेवताना विचारायची, "डायरेक्टरसायब, आमचा पगार कवा?" थट्टाच ती. पण वडिलांचा घास हातात राहायचा.

वडिलांचा राजीनामा घेऊन आम्ही दोघे बाबारावांच्या घरी गेलो. ते आजारी होते, अंथरुणावरच. मी कर्जाचे विचारले तर हसले.

"तुजा बाप मेंढरं ह्या वावरातून त्या वावरात नेतो का न्हाई? तसंच हाय हे. पैसा आपल्याच वावरात फिरायलाय."

"मेंढरं सकाळी मोजून परत निघतात, शेठ," मी म्हणालो.

ते माझ्याकडे नाही, वडिलांकडे बघत म्हणाले, "लय शिकवलास रे पोराला, मारोती." वडिलांनी मान खाली घातली. त्या माणसाला मी सगळे माफ करीन कदाचित, ती खाली गेलेली मान नाही.

दुसरा माणूस मिळाला की सोडतो म्हणून त्यांनी कागद ठेवून घेतला. आमच्या कॉलेजच्या सरांनी सांगितले होते की त्यांची परवानगी लागत नाही, राजीनामा थेट पाठवा. वडील ऐकेनात. ज्याच्या वावरात बसलो, त्याला इचारल्याबिगर उठायचं न्हाई, असे त्यांचे म्हणणे. मी रागावलो, अबोला धरला, पण त्यांच्या मनाविरुद्ध पाठवायचे धाडस मलाही झाले नाही...

तीन महिने गेले. मग एका दुपारी जिनिंगच्या मुनिमांचा फोन आला. शेठ सकाळीच गेले, म्हणाले. लाज वाटते, पण मी आधी विचारले ते राजीनाम्याचे.

मुनीम म्हणाले, "उशाखालीच राहिला रे. आता त्या कंपनीत तुजा बाप एकलाच हाय."