आईच्या हिरव्या साडीला दंड

मैत्रिणींनो, आज माझ्या हातून लई मोठी चूक झाली.

आई चार दिवसांपासून सोलापूरला दवाखान्यात आहे, उद्या सकाळी तिचं ऑपरेशन. इथं येरमाळ्यात घर नुसतं खायला उठतंय. म्हणून जुन्या साड्यांची तिची अर्धवट वाकळ शिवायला घेतली आणि पेटीवरची विटलेली हिरवी साडी मधोमध फाडून बसले.

सोबतीला आलेली आत्या ओरडलीच, "अगं, दवाखान्यातनं घरी येताना नेसायला तिनं काढून ठेवलेली ती!"

रडतच आईला फोन लावला.

"रडू नको. दोन्ही तुकडे जोडून मधोमध शिव, दंड घाल. मी तीच नेसून येणार," ती म्हणाली.

दुपारपासून जोडतेय. टाके वाकडेच पडतायत. जीव दवाखान्यात अडकलेला असताना तुम्ही सरळ कसं शिवता गं?