उतरलं, पण बसलं नाही

"ताई, बाबा गेले. सकाळी चहा घेतला आणि..." दत्तूकाकांच्या मुलीला फोनवर पुढं बोलवेना. त्याला आता महिना झाला. रडून झालंय. उरलाय तो राग, आणि तो कमी व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

दत्तूकाका नाशिकजवळच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मेकॅनिक होते. हात सातपूरच्या कारखान्यात तयार झालेला, लायसन्स पुढं परीक्षा देऊन मिळवलेलं. मी कळवणच्या शेतकऱ्याची मुलगी, तिथं विमान शिकायला आले. उडाल्यावर चाकं पोटात घेणारं छोटं विमान त्यांनीच मला पहिल्यांदा दाखवलं. म्हणाले, "पोरी, चाक उतरणं वेगळं अन् बसणं वेगळं. खाली आलं म्हणजे उतरलं. लॉकमध्ये खट्कन बसलं, तरच त्याच्यावर भार टाकायचा."

एका दुपारी मी एकटी उडून परत येत होते. चाकं लॉक झाल्याचे तिन्ही हिरवे दिवे लागलेले. टेकले, थोडी धावले, आणि डावं चाक दुमडलं. विमान पंखावर घसरत गवतात गेलं. मी बाहेर पडून फोन केला, "काका, चाक बसलं!" आमच्याकडे भिंत खचली की बसली म्हणतात, विहीर ढासळली तरी बसलीच. हँगरमधून काका शांतपणे म्हणाले, "बसलं ना? मग आण की हळूहळू." आजही हे आठवलं की हसू येतं... पण मी हुंदका दिला तसे ते धावत सुटले. आधी मला नीट पाहिलं, मग वाकून कॉकपिटमधली चाकांची दांडी. ती खालीच होती.

मॅनेजरांचा निकाल मात्र तयार होता: पोरीनं घाबरून चुकीची दांडी ओढली, चाकं वर घेतली. तसं कुणाच्याही हातून होतं, मग कळवणच्या पोरीच्या हातून तर होणारच! खरं कारण एका थकलेल्या स्प्रिंगमध्ये होतं. लॉकचा आकडा अडकत नव्हता, तरीही दिवा लागत होता. स्प्रिंग बदला, असं काकांनी आधीच रजिस्टरमध्ये लिहिलेलं. चौकशीच्या आदल्या दिवशी मॅनेजर त्यांना म्हणाले, "दत्तूभाऊ, ते पान राहू द्या. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत तुमची." ते पान दडलं असतं तर माझं उडणं तिथंच संपलं असतं.

चौकशीच्या साहेबांनी काकांना विचारलं, "चाक उतरलं होतं का?"

"उतरलं होतं साहेब. बसलं नव्हतं. हिनं काही चुकवलेलं नाही. मी स्प्रिंगचं लिहिलं, पण विमान अडवलं नाही. माझी चूक तेवढी लिहून घ्या." आणि रजिस्टर उघडून समोर ठेवलं.

पुढच्या महिन्यात काकांची नोकरी गेली. नंतरची सगळी वर्षं त्यांनी अंबडला एका शेडमध्ये लेथ मशीन चालवलं. मी पायलट झाले.

शोकसभेत तेच मॅनेजर उठून बोलले, "दत्तूभाऊ कधी कुणाला 'नाही' म्हणाले नाहीत." मी उभी राहिले. "म्हणाले होते. तुम्हालाच. माझ्यासाठी." सभेत जरा चुळबुळ झाली. होऊ दे.

मी आता दुसरीकडे विमान शिकवते. गेल्या आठवड्यात आमच्या एका विमानाचं चाक लॉक व्हायला उशीर लावायला लागलं. मी तसं लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, "लिहिलंत ना? मग एक फेरी मारून या, संध्याकाळी बघू."

मी विमानाची चावी काढून पर्समध्ये टाकली. आज आठवा दिवस. चावी अजून माझ्याकडेच आहे.