शकुन सिस्टरची फिर्याद

अकोल्याच्या कापडगिरणीत कामाला असलेल्या देवमनची थोरली लेक शकुन. अमरावतीच्या इस्पितळात तिनं नर्सचं आणि सुइणीचं शिक्षण घेतलं, तेव्हा त्यांच्या वस्तीतून नर्स झालेली ती पहिलीच मुलगी. बोलणं मोजकं, हात हलका. अडलेल्या बाईजवळ ती जाऊन बसली की त्या बाईच्या जिवात जीव येई.

एकसष्ट साली एका व्यापाऱ्यानं तिला आफ्रिकेत मोंबासाला धाडलं. त्याची लेक तिकडे नांदत होती आणि तिची दोन बाळंतपणं फसली होती. शकुन वर्षभर तिथं राहिली, मायलेकरं सुखरूप आहेत हे पाहिलं आणि बोटीनं एकटीच परत निघाली.

चौथ्या दिवशी, दुपारी जेवणं आटोपल्यावर, बोटीवरच्या कोठाराचा कारकून तिला शोधत आला.

"सिस्टर, खाली एका बाईला कळा सुटल्यात."

शकुन पिशवी घेऊन त्याच्यामागं जिना उतरली. खालच्या खोलीत कोणी बाई नव्हती. त्यानं दार लावून घेतलं आणि तिच्यावर जबरदस्ती केली.

वर आल्यावर ती कठडा धरून कितीतरी वेळ उभी होती. अंगावरची साडी समुद्रात भिरकावून द्यावी आणि घागरी घागरी पाण्यानं न्हावं, एवढंच तिच्या मनात येत होतं. पण इस्पितळात तिनं अशा बाया पाहिल्या होत्या. धुतलं की पुरावा गेला, हे तिला ठाऊक होतं. ती तशीच बोटीच्या डॉक्टरकडे गेली. त्यानं तपासलं आणि दिसलं ते कागदावर उतरवलं. मग तिनं साडी बदलली आणि ती न धुता वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

मग ती कप्तानापुढं जाऊन उभी राहिली.

"बोटीच्या रोजनाम्यात लिहा," ती म्हणाली. "माझ्यासमोर लिहा."

कप्तानानं कुरकुरत का होईना, लिहिलं.

डेकवर तिच्या शेजारी यवतमाळच्या मनकर्णाबाईंचं अंथरूण होतं. शकुननं त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जेवली काय, माय?" पुढचे सगळे दिवस त्या तिला नळावरसुद्धा एकटीला जाऊ देईनात.

मुंबईला उतरताना बोटकंपनीचा एक माणूस कागद घेऊन आला. 'माझी काही तक्रार नाही' असा मजकूर होता. शकुननं सही केली नाही. ती चौकीत गेली, तर तिथला जमादार म्हणाला, "भर समुद्रातली गोष्ट, बाई. ती आम्ही इथं कशी लिहायची?"

अकोल्याला आल्यावर तीन दिवस ती कोणाशी बोललीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी चुलीपाशी तिनं आईला, सुंदराबाईला, सांगितलं.

सुंदराबाईनं तिचा हात घट्ट धरला. "कोनाले सांगू नोको, शकुन. लोक तुलेच नावं ठेवतीन."

देवमन दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आता बाबा आपल्याकडे पाठ फिरवतील, असं शकुनला वाटलं. तो आत आला आणि तिच्यासमोर खाली बसला.

"त्याचं नाव मालूम हाय तुले?"

"हाय."

"मंग तू काहून मान खाली घालून राहिली?"

बोट सोडल्यापासून शकुन पहिल्यांदा रडली. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे निघताना सुंदराबाईही डोक्यावर पदर घेऊन बरोबर आली.

किसनराव वकील वस्तीतच वाढलेले. त्यांनी ट्रंकेतल्या पुडक्याबद्दल विचारलं, डॉक्टरच्या कागदाबद्दल विचारलं, आणि मग म्हणाले, "बोट कोणत्या देशात नोंदलेली होती?"

"आपल्याच. मुंबईची."

त्यांनी जाडजूड पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं उलटली. "हे पाहा, ताई. भारतात नोंदलेली बोट जगात कुठंही असो, तिच्यावरच्या गुन्ह्याला आपलाच कायदा लागतो."

"पन चौकीत तर नाई म्हनले."

"आपण लेखी देऊ. नाही घेतली, तर कोर्टातच फिर्याद करू. पण उलटतपासणीत तुम्हाला वाटेल ते विचारतील, हे आत्ताच सांगून ठेवतो."

"समद्या लोकाईसमोर?"

"लोकांना बाहेर काढा, असा अर्ज करता येतो. तो मी करीन."

लेखी दिल्यावर चौकीनं फिर्याद घेतली आणि मुंबईच्या कोर्टात खटला दीड वर्ष चालला. मुंबईला जावं आणि तारीख पुढं ढकलली म्हणून परत यावं, असं दोनदा झालं. दर खेपेला देवमन गिरणीतून रजा काढून बरोबर असे आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राही. साक्षीच्या दिवशी लोकांना बाहेर काढल्यावर दुसऱ्या बाजूच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही एकट्या खाली का गेलात?"

"बाई अडली आहे असं सांगितलं," शकुन म्हणाली. "मी नर्स आहे."

मनकर्णाबाई यवतमाळहून साक्षीला आल्या. रोजनामा आला, डॉक्टरचा कागद आला, साडीच्या तपासणीचा अहवाल आला. कारकुनाला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली.

निकाल ऐकून शकुनला वाटला होता तसा आनंद काही झाला नाही, नुसता थकवा आला. परतीच्या गाडीत ती अकोल्यापर्यंत गाढ झोपली. कित्येक महिन्यांत तिला अशी झोप लागली नव्हती.

पासष्ट साली तिला परतवाड्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. बाहेरच्या बाळंतपणाला सिस्टरनं एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं, असं तिनं मोठ्या डॉक्टरांकडे हट्ट धरून मान्य करून घेतलं. डोंगरातल्या सेमाडोहकडची एखादी पोर असंच काही भोगून घाबरीघुबरी होऊन आली, तर तपासणीपासून चौकीत फिर्याद लिहून होईपर्यंत शकुन तिच्या शेजारून हलत नसे.

शिकाऊ मुलींना ती आपली हकीगत स्वतःच सांगे. नाळ कशी कापायची हे ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात: कपडे धुवायचे नाहीत, त्याच दिवशी तपासून घ्यायचं, नको त्या कागदावर सही करायची नाही. मुली आधी खाली बघत बसत. मग त्यांतली एखादी काहीतरी विचारी, तिच्यामागून दुसरी, आणि तास संपला तरी त्यांचे प्रश्न संपत नसत.