माठावरचा पालथा गिलास

सुमनबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. हेडमास्तरांनी दारातून हाताने खूण केली, मी बाहेर आलो. "सुमनबाई गेल्या," एवढंच ते म्हणाले आणि घंटेकडे चालू लागले. अवेळी सुट्टी मिळाल्याचा पोरांचा आनंद लपत नव्हता, आणि मी त्यांच्यावर उगाच ओरडलो. मग शिक्षकांच्या खोलीत येऊन बसलो. कोपऱ्यात माठ, माठाच्या फळीवर आमचे सगळ्यांचे गिलास, आणि अगदी शेवटी सुमनबाईंचा पितळी गिलास. पालथा घातलेला, बुडावर खडूची धूळ. तो गिलास मी कधी ओला पाहिला नव्हता. कित्येक वर्षं मी त्या कोरड्या गिलासाचा राग केला. आज महिना होत आला, तो राग आता माझ्याकडेच तोंड करून बसला आहे.

आमचं खेडं आसेगावच्या पुढे, गाडीवाटेनं. मी गावातच राहतो. सुमनबाई मंगरूळपीरहून एस.टी.ने आसेगावला उतरायच्या आणि तिथून पायी यायच्या. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू होईपर्यंत ती वाट कशी असते, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. येताच त्या पदराने तोंड पुसायच्या, खडू उचलायच्या आणि वर्गावर जायच्या. मराठी शिकवायच्या. आवाज बारीक, पण अक्षर असं की फळा पुसायचा जीव होऊ नये. शाळेत बाईमाणूस त्या एकट्याच. माठ भरायचं काम माझं होतं, म्हणजे मी ते मुद्दाम घेतलं होतं. छप्पन साली आमच्या बापानं धम्म घेतला, त्याआधी मी विहिरीच्या काठाशी ओंजळ धरून वरून पडणारं पाणी प्यालेलो आहे. त्यामुळे नोकरीवर लागल्याबरोबर मी ठरवलं, शाळेचा माठ मीच भरणार, बघू कोण पितं आणि कोण नाही. हेडमास्तर आधी जरा कचरले, मग उन्हाने त्यांना शहाणं केलं. बाकीचेही प्यायला लागले. सुमनबाई मात्र नाही.

मी लक्ष ठेवून असायचो. दुपारी त्या भाकर आणि ठेचा खायच्या, तेही कोरडंच. एकदा त्यांना उचकी लागली, थांबेचना. मी माठातून गिलास भरून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी मान हलवली, श्वास धरून बसल्या, डोळ्यांत पाणी आलं तरी गिलासाला हात लावला नाही. "नको गुरुजी," म्हणाल्या. मी तो गिलास उचलला आणि त्यांच्यादेखत खिडकीबाहेर ओतला. घरी येऊन बायकोला सांगितलं तर कमल म्हणाली, "तिले इचारलं काय तुमी, काहून पेत नाही म्हून?" मी म्हणालो, विचारायचं काय त्यात, आपल्याला ठाऊक नाही का हे? ती गप्प बसली. मला ती गप्प बसली म्हणजे पटलं असं वाटायचं.

विज्ञान माझ्याकडे होतं. मूत्रपिंडाचा धडा आला की तक्ता लागायचा, आणि चित्र काढावं तर सुमनबाईंनीच. त्यांनी तो फार सुंदर काढला होता. पाठीकडून, शेवटच्या बरगड्यांच्या जवळ, घेवड्याच्या दाण्यासारखी दोन मूत्रपिंडं, त्यांतून निघालेल्या दोन नळ्या आणि खाली मूत्राशयाची पिशवी. मी पोरांना रंगवून सांगायचो. रक्त इथं येतं, गाळलं जातं, कामाचं परत आत जातं, टाकाऊ तेवढं पाण्याबरोबर खाली उतरतं. पिशवी भरत आली की ती मेंदूला कळवते, आणि तिचं ऐकायचं असतं! पोरं खिदळायची. पाणी कमी प्यालं तर लघवी घट्ट होते, हौदाच्या कडेला खार धरतो ना, तसा आत खार धरतो आणि खडे होतात. तक्ता रंगवताना सुमनबाईंनी मान वर न करता विचारलं होतं, "गुरुजी, पानी कमी पेलं तं खरंच खडे होतात का हो?" मी म्हणालो, "पुस्तकात आहे तसं." त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला आणि पुन्हा रंगवायला लागल्या... विचारणाऱ्या बाईच्या तोंडाकडे एकदा तरी बघायचं होतं मी. तेही जमलं नाही.

आणि एक गोष्ट आहे, जी लिहायला हात मागे येतो. शिक्षकांच्या बैठकीत त्या क्वचितच बोलायच्या. एकदा मात्र उठून म्हणाल्या, शाळेच्या मागे एखादा आडोसा करता आला तर बरं होईल, मुली मोठ्या होऊन राह्यल्या. आम्ही पुरुष मधल्या सुट्टीत खुशाल नाल्याकडच्या बाभळींत जाऊन यायचो, आम्हाला कसला आडोसा? हेडमास्तर दाढी खाजवत बसले. तेव्हा मी बोललो. "आधी सगळ्यांनी एका माठातलं पाणी तर प्यावं, मग आडोशाचं पाहू." सगळे हसले. सुमनबाई लाल झाल्या आणि खाली बसल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू.

पुढे त्यांची कंबर दुखायला लागली. ताप यायचा, उतरायचा, त्या पुन्हा यायच्या. चालून चालून दुखते, म्हणायच्या. मग पाय सुजले, तोंड सुजलं आणि भावाने त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही मूत्रपिंडांत खडे होते, त्यांवर पुन्हा पुन्हा पू धरून ती निकामी झाली होती. भेटायला जायचं कमलनेच काढलं. बायकांच्या खोलीत ती आधी गेली, मी व्हरांड्यात उभा राहिलो. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती पदर तोंडाशी धरून. "सकाळी घरून निघे तं दिवस बुडाल्यावर घरी," ती म्हणाली. "तुमच्या शाळेत बाईमान्सानं बसाले जागा हाय कुठं? पानी पेती तं जाती कुठं ते?" मी म्हणालो, "मंग मले काहून नाही सांगतलं?" कमलने माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. "गड्याले सांगाव तिनं हे? तुमाले समजाले पायजे होतं. पोराईले तुमीच शिकवता ना?"

मी आत गेलो. त्यांनी ओळखलं. चेहरा सुजून अनोळखी झाला होता, ओठ मात्र कोरडे, पापुद्रे आलेले. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुमी तवा बोलले, ते लागलं होतं मले. मी तशी नाही... घोटभर पानी द्या तुमच्या हातानं." मी तांब्याकडे वळलो तशी नर्सने माझा हात धरला. अंगातलं पाणीच बाहेर पडत नाही, आणखी दिलं तर फुप्फुसांत चढेल, म्हणाली. हे सगळं मला माहीत होतं. धडाच होता तो माझा. नर्सने कापसाचा बोळा दिला, तो भिजवून मी त्यांच्या ओठांवरून फिरवला. त्यांनी तो ओठांत धरून ठेवला, मला सोडवून घ्यावा लागला. माझा संशय हवेतून आला नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण ज्यांनी मला ओंजळीने पाणी पाजलं त्यांचा हिशेब मी या एकट्या बाईकडून मागितला, तोही तिला एक शब्द न विचारता.

त्या गेल्यानंतरच्या रविवारी मी आणि कमलने शाळेच्या मागे आडोशाला तुराट्यांचा कुड उभा केला. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, कोणत्याही वावरात पडलेल्या असतात, इकडे त्या चुलीत घालतात. हेडमास्तरांनी दोन भारे स्वतः आणले. दुपारी हात घातला आणि चहाच्या वेळेपर्यंत शेणामातीने लिंपूनही झाला. एवढंच काम होतं ते.

माठ मी आता फळीसकट व्हरांड्यात ठेवला आहे, पोरांनाही हात पुरेल असा. गिलास फळीवर तसेच आहेत. आधी मुली कुडाकडे जायला बुजायच्या, कमलनेच त्यांना मागे नेऊन आणलं. परवा मधल्या सुट्टीत पाचवीतल्या एका पोरीने धावत येऊन हाताला लागला तो गिलास उचलला, तो सुमनबाईंचा. मी "ए!" म्हणून ओरडणारच होतो. तिने धूळ फ्रॉकला पुसली, गिलास बुडवला, घटाघटा प्याली, पुन्हा भरला आणि तोही संपवला. मग होता तसा पालथा घालून कुडाकडे पळाली. फळीवर गिलासाखाली पाण्याचं गोल वर्तुळ उमटलं. घंटा झाली तरी, ते वाळेपर्यंत मी तिथेच उभा होतो.