नेवाशाच्या गाडीतली रिकामी खुर्ची

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं आणि त्या वयात मी रोज सकाळी बालवाडीत जात होतो. शिकायला नाही, शाळा मी तिसरीतच सोडली. नातीला पोचवायला.

नात तीन वर्षांची. दिवाळीच्या आधी माझी मंडळी, म्हणजे तिची आजी, वारली. तोवर पोर तिच्याच कडेवर वाढली होती. मुलगा टेम्पोवर, कोपरगावकडं माल घेऊन गेला की दोन-दोन दिवस घरी नाही. सुनेला नागापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम मिळालेलं, पण अजून कायम केलेलं नव्हतं. मी म्हणालो, पोर मी सांभाळतो, कुणाच्या दारात जायचं नाही. सांभाळलीही. पण एका दुपारी बसल्या जागी डोळा लागला आणि पोर शेजारणीला हमरस्त्याच्या कडेला सापडली. सून मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं गुपचूप जुन्या चर्चच्या आवारातल्या बालवाडीत पोरीचं नाव घातलं.

पोराला सोडून निघायची आमची एक रीत आहे. "ती बघ चिमणी" म्हणायचं, पोरानं तिकडं बघितलं की सटकायचं. माझ्या मुलाला मी असाच सोडून कामावर जायचो. सगळेच जातात. पहिल्या दिवशी चिमणी दाखवली, दुसऱ्या दिवशी मांजर. तिसऱ्या दिवशी ती मांजराकडं बघेचना. माझा पायजमा मुठीत धरला आणि उलटी होईपर्यंत ओरडली. ताईंनी सुनेला कंपनीत फोन केला, ती काम टाकून आली. दोनदा असं झालं. मग तिथला सुपरवायझर तिला म्हणाला, "परत घरनं फोन आला, तर उद्यापासून घरीच थांबा."

म्हणजे आता पोर तिथं टिकणार की नाही, यावर सुनेची नोकरी होती.

बालवाडीच्या ताई वयानं माझ्या सुनेएवढ्या. मला म्हणाल्या, "आजोबा, पळून जाऊ नका. तिला सांगून जा."

"तीन वर्साच्या पोरीला काय सांगायचं?"

"मी जातोय आणि परत कधी येणार, तेवढं."

"आन् तिला काय घड्याळ कळतंय?"

"घड्याळ नाही कळत. खिचडी कळते. खिचडी खाऊन झाली की येतो म्हणा, आणि त्या वेळेला या."

मला राग आला. मी पोरं वाढवलीत, ही कालची मुलगी मला शिकवणार. मी म्हणालो, "मग मी जातच न्हाई. हितंच बसतो." आणि भिंतीला टेकून खाली बसलो.

मला वाटलं, हाकलतील. त्या म्हणाल्या, "बसा. फक्त तिला उचलायचं नाही. रडली तर जवळ घ्या, पण तिच्यासाठी खेळायचं नाही."

खिचडी करणारी मावशी दारातून हसली. "ताई, नवीन ॲडमिशन का? ह्यांचं नाव कुठल्या वर्गात घालू?"

"तुमच्या स्वैपाकाच्या वर्गात घाला," मी म्हणालो. "पोर म्हनती, खिचडीत मीठ कमी असतंय."

असा मी आठवडाभर बसलो. सारखं खाली बसून गुडघे धरायचे, उठताना मावशी हात पुढं करायची, मी धरायचो नाही. पोरांचा गोंगाट डोक्यात भरायचा आणि घरी गेल्यावरही उतरायचा नाही. इतका थकवा मला आयुष्यभर शेडमध्ये केलेल्या वेल्डिंगच्या कामात आला नव्हता.

ताई अ-आ शिकवत नव्हत्या. पोरं चिंचोके आणि पावट्याच्या बिया निवडून वेगळ्या करायची, एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायची, अर्धं जमिनीवर. मी विचारलं, "पाटी कधी धरायची?" ताई म्हणाल्या, "आधी बोटं तर तयार होऊ द्या." मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण एक मात्र बघितलं. मावशी एका रडक्या पोराला म्हणाली, "गप बस, न्हाईतर पोलीस येईल." ताई लगेच म्हणाल्या, "मावशी, पोलीस नाही येणार. खोटं नको." मावशीचं तोंड एवढंसं झालं. आणि ताईंचंही सगळंच बरोबर होतं असं नाही. फाटकाची कडी इतकी खाली, की पोर सहज काढून रस्त्यावर जाईल. मी सांगितलं, तर म्हणाल्या, वर कळवलंय. कधीचं कळवलं होतं कोण जाणे. मी घरून पाना आणि ड्रिल आणलं आणि कडी वर बसवली. रस्त्याची गोष्ट मला कुणी सांगायला नको होती.

आठवड्यानं नात माझ्यापासून चार हात लांब खेळायला लागली. पोरांच्या लहान खुर्च्या एकामागं एक लावायची आणि गाडी करायची. "नेवाशाची गाडी, बसा बसा." पोरं बसायची. पहिल्या खुर्चीवर मात्र कुणाला बसू द्यायची नाही. एक दांडगं पोर बसलं, तर तिनं त्याला ढकललं.

"ती आजीची जागा हाय," ती म्हणाली. "आजी नेवाशावरनं येनार हाय."

नेवासा माझ्या मंडळीचं माहेर. मंडळी गेली तेव्हा सुनेनं पोरीला सांगितलं होतं, आजी नेवाशाला गेली. पोरांना असंच सांगतात. आणि मंडळीला दवाखान्यात न्यायला रिक्षा आली, त्या सकाळी पोरीनं बघू नये म्हणून मीच तिला पत्र्यावरचं मांजर दाखवलं होतं. मांजर बघून वळली, तोवर आजी नव्हती. परत आलीच नाही.

ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "ही खुर्ची ती रोज रिकामी ठेवते. आजी कुठं गेली, हे तिला कुणी सांगितलंय का?"

"आमच्या घरातली गोष्ट हाय ती," मी म्हणालो.

"आहे," त्या म्हणाल्या आणि पोरांकडं गेल्या. पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी सून आली. चप्पल काढून तशीच उंबऱ्यावर बसली. मी खुर्चीचं सांगितलं.

"मामा, मीच सांगितलं व्हतं तिला. मला दुसरं सुचलंच न्हाई. आता कोन सांगनार? माझ्यानं व्हायचं न्हाई."

"मी सांगतो."

"रडंल ती. उद्या फोन आला तर माझं काम जाईल."

"मी रोज तिथं बसलो, तरी ती माझ्यावरची नजर काढीना, आजीसारखा मी बी जाईन म्हनून. असं किती दिवस बसू? मला बी व्हत न्हाई आता."

ती उठून चूल पेटवायला गेली. नको म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीला घेऊन निघालो. बालवाडीच्या अलीकडं ओढ्यावरचा छोटा पूल आहे, त्याच्या कठड्यावर तिला बसवलं. मीही बसलो.

"बाय, आजी नेवाशाला न्हाई गेली."

"मग?"

"आजी लई आजारी व्हती. मेली ती. आता येनार न्हाई."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाली, "उद्या?"

"उद्या बी न्हाई."

"गाडीनं पन न्हाई?"

"न्हाई बाय."

ती पाय हलवत राहिली. पुलाखालून डुकरं गेली, ती तिनं बघितली. मी दाखवली नव्हती. मग विचारलं, "आन् तू, आबा?"

"मी जातो आता घरी. तुझी खिचडी खाऊन झाली की येतो."

फाटकाशी ताई उभ्या होत्या. मी वरची कडी काढली, पोरीला आत सोडलं, कडी लावली आणि तिच्यासमोर पुन्हा म्हणालो, "मी जातो." ती रडायला लागली. ताईंनी तिला उचललं नाही, शेजारी बसल्या. मी रस्त्याच्या मधोमध चालत निघालो, तिला माझी टोपी दिसत राहावी म्हणून. वळणापर्यंत रडणं ऐकू येत होतं. मान वळवून दोनदा हात केला.

घरी बसवेना. भांड्यातलं पाणी प्यालो आणि परत फिरलो. फाटकाशी पोचलो तेव्हा मावशी अजून खिचडी वाढत होती. मला बघून म्हणाली, "लवकर आलात आजोबा. आन् फोन न्हाई केला आज कुनाला." आत गाडी लावलेली होती. पहिली खुर्ची तशीच रिकामी होती. नात दुसऱ्या खुर्चीवर बसून खिचडी खात होती. डोळे सुजलेले. मला बघितलं आणि घास तोंडात तसाच ठेवून हात वर केला, थांब म्हणून. मी फाटकाला धरून उभा राहिलो.