दोरीपलीकडचं पाणी

आमच्या गावाला नदी आहे, तरी गावाने पोहण्याचा तलाव बांधला. तोही नदीपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे तिला यायला त्रास नको. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी नारळ फोडला, पोहण्याने आरोग्य कसं सुधारतं यावर तासभर भाषण केलं आणि पाण्याला बोटही न लावता जेवायला गेले. ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट.

बायकांसाठी वेळ ठेवली होती दुपारी दोन ते तीन. त्या वेळी पुरुष मंडळींना झोप प्रिय असल्यामुळे हे औदार्य त्यांना परवडलं. मी बालवाडीत शिकवायचे, दुपारी मोकळी असायचे. नाव घातलं.

माझं माहेर महाळुंगे पडवळचं. तिथे भावांच्या पाठीला डबा बांधून त्यांना विहिरीत ढकललं, ते पोहायला शिकले. माझ्या हातात धुण्याची बादली दिली. पस्तिशीपर्यंत माझा पाण्याशी संबंध गुडघ्यापर्यंतचा. एकदा तरी जमीन सोडून पाण्यावर राहता यावं, एवढंच मला हवं होतं. पण असलं कारण सासरी चालत नाही, म्हणून मी गुडघेदुखी सांगितली. सासूबाईंनी गावभर माझ्या गुडघ्यांची कीर्ती पसरवली.

शिकवायला नारायणगावहून जीपने एक मुलगी यायची. गळ्यात शिटी, आवाज तिच्या वयाच्या दुप्पट. आम्ही सात-आठ जणी सलवार-कमीजमध्ये कठड्याचा दांडा धरून पाय आपटायचो. मध्ये एक दोरी बांधलेली होती. अलीकडे चार फूट पाणी, पलीकडे दहा. चैत्रात सुरुवात केली आणि श्रावणापर्यंत मी अलीकडच्या बाजूला, पाय न टेकता, या काठावरून त्या काठावर जायला लागले. शुक्रवारी ती म्हणाली, "काकू, मंगळवारी दोरीपलीकडे." त्या आनंदात मी घरी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर विसरले.

रविवारी पूर आला. वरच्या धरणातून पाणी सोडलं, आणि सोडल्याची दवंडी पाण्यामागून आली. दुपारपर्यंत बाजारपेठेत कंबरभर पाणी झालं. म्हाताऱ्यांनी असा पूर जन्मात पाहिला नव्हता. सुदैवाने माणूस कोणी दगावलं नाही. दोन दिवसांनी नदी आपल्या जागी परत गेली, पण जाताना तलाव काठोकाठ गढूळ पाण्याने भरून ठेवला.

पूर ओसरला की आमच्याकडे बायका नदीची खणा-नारळाने ओटी भरतात. घाट चिखलात गाडला गेला होता. काठावर पाऊल टाकलं की मांडीपर्यंत आत. ताटं घेऊन आम्ही सगळ्या उभ्या, आणि पुढे जाणार कोण? तेवढ्यात सासूबाईंना तलाव दिसला. पायऱ्या सिमेंटच्या पक्क्या, धरायला दांडा.

"ह्ये पाणी बी तिचंच की," त्या म्हणाल्या. "जा गं तू म्होरं. तुला हितली सवय हाये."

नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. उलट, आपल्या माहितीची जागा आहे म्हणून जरा तोऱ्यातच तीन पायऱ्या उतरले आणि खण-नारळ पाण्यात सोडला. मग पाठोपाठ सगळ्या. संध्याकाळपर्यंत तलावात नारळच नारळ.

पुढचं फार शिस्तीत झालं. आठवड्याभरात पुरात वाहून आलेला एक दगड दोरीपलीकडच्या 'खोली दहा फूट' या पाटीखाली बसला, त्याला शेंदूर लागला. मंगळवार-शुक्रवार गर्दी व्हायला लागली. महिन्याभराने शिटीवाली मुलगी आली, तर तिला फाटकातच चपला काढायला लावल्या. ती माझ्याकडे बघत राहिली. मी दुसरीकडे बघितलं.

शेवटी धीर करून मी तलावाच्या कमिटीकडे गेले. म्हटलं, पाणी उपसा, गाळ काढा, निदान बायकांची ती तासभर वेळ तरी परत सुरू करा. कमिटीतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, पयली वटी तुमीच भरली ना? आता त्या पाण्यात पाय कसा टाकायचा, तुमीच सांगा."

बालवाडीत पोरांना रोज गप्प करणारी मी, चपला घालून घरी आले.

दोन वर्षांत पाणी आटलं, डास वाढले, आणि देवस्थानाला शोभत नाही म्हणून तलावात मुरूम भरला. वर पत्र्याची शेड आली. गावाला पोहण्यापेक्षा सभागृहाची गरज जास्त होती, असं सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

आता दर संक्रांतीला तिथे हळदीकुंकू होतं. पहिल्या ओटीचा मान माझा म्हणून माझी खुर्ची दगडाशेजारी, बरोबर जिथे दहा फूट पाणी होतं तिथे. माइकवरून माझं कौतुक होतं, बायका वाकून नमस्कार करतात, मी हसून वाण घेते. राग काढायला नदी बरी होती, पण ती तर दोन दिवसांत निघून गेली होती. खुर्चीत बसल्यावर माझे पाय जमिनीला पक्के टेकलेले असतात. दोरीपलीकडे पोहून मी अजून गेलेले नाही.