देव्हाऱ्यातली दुसरी चावी

ती घटना आठवली की आधी मला माझंच अक्षर दिसतं. 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' असं निळ्या शाईत नीटनेटकं लिहिलेलं, आणि खाली माझी सही.

तेव्हा मी उरणच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. हद्द निम्मी नव्या सोसायट्यांची, निम्मी जुन्या गावांची. टॉवरच्या कंपाउंडला खेटून भूसंपादनातून उरलेले शेतीचे तुकडे होते आणि त्यांत लोक अजून भाजी पिकवत होते. एका सकाळी फोन आला, की शेतात ट्रॅक्टरच्या यंत्रात सापडून एक बाई गेली.

ट्रॅक्टर छोटा होता, भाजीच्या सऱ्यांमधून जाईल असा. मागे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जोडलेला. बाई त्या पात्यांपाशी होती. जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. पात्यांमध्ये सोसायटीच्या नाल्यातून वाहून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या होत्या. त्या काढायला ती खाली बसली असणार, हे उघड होतं. नवरा कंटेनर यार्डात ड्युटीवर होता. धाकटा दीर बांधावर बसून रडत होता. त्याने सांगितलं, वहिनी इंजिन चालू ठेवूनच पिशव्या काढायला बसली, तिची किंकाळी ऐकून तो घरातून धावत आला आणि त्यानेच इंजिन बंद केलं. चावी ट्रॅक्टरलाच होती. सगळं जागच्या जागी बसत होतं.

पंचांपैकी एकजण म्हणाला, बायकांना मशिनीतलं काय कळतंय. मी त्याला गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, अंगावरच्या वस्तूंची यादी झाली: मंगळसूत्र, चार बांगड्या, काळ्या दोऱ्यात ओवलेली एक चावी. हवालदाराने विचारलं, "कपाटाची लिहू का?" मी म्हटलं, नुसती चावी लिही, पुढे चल. नवरा भानावर नव्हता, म्हणून वस्तू तिच्या आईच्या ताब्यात दिल्या आणि पोच घेतली. दुपारी ठाण्यात येऊन मी जेवलोसुद्धा.

बारावं झाल्यावर आई ठाण्यात आली. शिरवणे गावची म्हातारी, अंगाने काटकुळी, नऊवारी घट्ट कसलेली. बाराव्याला बायकांत कुजबुज चालली होती, की मशिन चालू ठेवून खाली शिरली, स्वतःच्या चुकीनं मेली. ते तिला सहन झालं नव्हतं. तिने पदराची गाठ सोडली आणि ती चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"माजी पोर येरीखुली नव्हती, सायेब," ती म्हणाली. "सीटवरनं उतरली का चावी काढून गल्यान घालाची. ही तीच हाय. मंग मशिन चालू कशी व्हती?"

मी तिला समजावायला फाईल उघडली. यादी माझ्यासमोर होती. चावी ट्रॅक्टरलाही होती आणि गळ्यातही होती. मी दोन्ही पाहिल्या होत्या, दोन्ही लिहून घेतल्या होत्या, आणि एकदाही विचारलं नव्हतं की गळ्यातली कुठल्या कुलपाची.

तासाभरात पंच घेऊन आम्ही तिच्या मुलीच्या सासरी, अंगणात पोचलो. ट्रॅक्टरला लावलेली चावी काढली आणि म्हातारीची लावली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. हवालदार माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे.

ज्या दुकानातून ट्रॅक्टर घेतला, तिथला माणूस तिला चांगला ओळखत होता. तो सांगत होता, की नवरा आणि दीर मोठ्या ट्रॅक्टरभोवती घुटमळत होते, दहाजणांत मिरवता येईल असा हवा होता. ती मात्र गाठी मारलेली सुतळी घेऊन आली होती. नाला आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली शेताची वाट तिने त्या सुतळीने मोजली होती. तीच सुतळी एकेका ट्रॅक्टरला लावून तिने हा छोटा पसंत केला. चालवायला शिकली तीही तीच. सुरक्षेच्या सूचनांचं पान तिने गोठ्याच्या भिंतीवर चिकटवलं होतं. त्यातली पहिलीच सूचना होती: खाली उतरताना चावी काढा. आपण वाहनांच्या बाबतीत अशी पानं वाचत नाही. तिने वाचलं होतं.

चाव्या दोन दिल्या होत्या, हेही त्यानेच सांगितलं. गावात रीत अशी, की नव्या गाडीची पूजा झाली की एक चावी देवापुढे राहते. मी त्यांच्या घरी जाऊन देव्हारा पाहिला. तळाच्या लाल फडक्यावर हळदकुंकू होतं, आणि मधोमध चावीच्या आकाराची जागा कोरी होती.

दिराला ठाण्यात आणलं. चौकशीत आरडाओरड करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. माझा अनुभव असा, की ज्याच्या पोटात गोष्ट आहे त्याला शांतताच सोसत नाही. मी त्याला चहा दिला, दोन चाव्या समोर ठेवल्या आणि एकच विचारलं, देव्हाऱ्यातली चावी शेतात कुणी नेली? चहावर साय धरेपर्यंत तो बोलला नाही. मग बोलला.

तो ट्रॅक्टर आडवातिडवा हाणायचा म्हणून वहिनी त्याला हात लावू देत नव्हती. मित्र चिडवायचे, घरचा ट्रॅक्टर बाई चालवते. त्या सकाळी त्याने देवापुढची चावी उचलली. शेतात ट्रॅक्टर बंद उभा दिसला, वहिनी दिसली नाही. गेली असेल घरी, असं त्याला वाटलं. मागे वळून न बघता तो चढला, इंजिन सुरू केलं आणि ती जशी ओढायची तसा रोटाव्हेटरचा दांडा ओढला. ती मागे वाकून बसली होती.

तो खोटं बोलत नव्हता, असं माझं आजही मत आहे. तिला मारायचं त्याच्या मनात नव्हतं. पण त्यानंतर सगळा दोष त्याने तिच्यावर ढकलला. ते मात्र त्याने जाणूनबुजून केलं, आणि त्याची मला किळस आली.

त्याहून वाईट पुढे होतं. नवऱ्याचा पुरवणी जबाब घेताना मी विचारलं, देव्हाऱ्यातली चावी गेलेली तुम्हाला कधी कळली? तो म्हणाला, तिसऱ्या दिवशी, सावडून आल्यावर देव्हाऱ्याकडे नजर गेली तेव्हा. मग गप्प का बसलात?

"धाकटा भाव हाय माजा," तो म्हणाला. "ती तं गेलीच ना, सायेब."

मी लेखणी खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत फार थोड्या वेळा असं झालं.

गुन्हा नोंदवला, दिराला अटक केली, दोन्ही चाव्या मुद्देमालात सीलबंद झाल्या. म्हातारीला बोलावून मी नवा अहवाल वाचून दाखवला. 'मृत महिलेने यंत्राजवळ जाण्यापूर्वी इंजिन बंद करून चावी काढून घेतली होती.' तिला वाचता येत नव्हतं. ते वाक्य कुठे आहे ते तिने विचारलं आणि मी दाखवलं तिथे तिने बोट ठेवलं. मग म्हणाली, "आन् पयल्या कागदावरचं? ती चुकली म्हून लिवलाय, ता खोरा."

मी तिला सांगितलं, की पोलिसी कागदावर लिहिलेलं खोडता येत नाही. त्याला पुरवणी जोडतात. पहिला कागद पहिल्याच जागी राहतो.

"म्हंजे ता तितंच रहानार?"

"होय, आई."

तिने कागदावरचं बोट उचललं आणि निघून गेली. आता निवृत्त होऊन मी सीवूड्सला राहतो, सकाळी फिरायला जातो, लोक विचारतात साहेब नोकरीत काय शिकलात. मी त्यांना काहीबाही सांगतो. खरं उत्तर एवढंच, की मेलेलं माणूस आपली बाजू मांडू शकत नाही, म्हणून त्याची चूक लिहिण्याआधी हात थांबला पाहिजे. माझा थांबला नव्हता. तिने चावी गळ्यात घालून ठेवली होती, आणि फाईलमध्ये पहिल्या पानावर आजही माझ्या अक्षरात ती निष्काळजी आहे.